प्लेगचा शजरा आणि मुळाचा प्रश्न

शीळफाटा हे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असते, पण फाटा म्हणजे नेमके काय, याचा विचार तासभर कोंडीत अडकल्यावरही कुणी करत नाही. मुंब्रा-कौशाकडून येणाऱ्याला पुढे कल्याण-डोंबिवलीचा रस्ता फुटताना दिसतो, महापेचा दिसतो, तळोजा-पनवेलचा दिसतो. त्याच्या लेखी मुंब्रा मागचे आणि बाकीचे तिन्ही पुढचे, एका जुडग्यातले. कल्याणहून येणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. त्याच्यासाठी मुंब्रा, महापे आणि पनवेल एका जुडग्यात जातात आणि मागे राहते ते कल्याण. डांबर तेच, अंतरे तीच, पुलाचे खांबही जागचे हललेले नसतात. जवळच ‘कल्याण फाटा’ नावाचेही एक ठिकाण आहे. ते नाव ठेवणारा माणूस कल्याणहून आलेला नव्हता, एवढे तर नावावरूनच कळते.

नकाशा कोणता रस्ता कशाला मिळतो ते सांगतो. आधी काय आणि नंतर काय, हे प्रवासी कुठून निघाला यावर ठरते. जीवशास्त्रज्ञ सजीवांच्या नात्यांची जी झाडे काढतात, त्यांची मूळची स्थिती अशीच असते. ती झाडे आता संगणक काढतो, एका क्लिकवर त्यांचे मूळ इकडून तिकडे हलवता येते आणि मूळ हलले की कोण कुणाच्या कुळात आहे हेही बदलते. हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिला असता तर त्यावर इथे लिहिण्याचे कारण नव्हते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात लाखो माणसे मारणाऱ्या प्लेगचा इतिहास आज अशाच झाडांवरून नव्याने लिहिला जात आहे. ‘हा रोग आणला कुणी’ या प्रश्नाचे उत्तर झाडाच्या मुळाशी असते, आणि ते उत्तर चुकीच्या जागी ठेवले की त्याची किंमत कोण मोजतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या अनेक घरांत शजरा जपून ठेवलेला असतो. शजर म्हणजे झाड. पीरजाद्यांच्या घरी तो कापडावर किंवा जाड कागदावर लिहिलेला असतो, वर एका बुजुर्गाचे नाव आणि खाली पिढ्या. शजरा लिहिणारा मुळापासून सुरू करतो. मूळ कोण, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नसतो, कारण ते नाव लिहिल्याशिवाय दुसरी ओळ सुरू होत नाही. प्रयोगशाळेतील झाड याच्या नेमके उलट तयार होते. तिथे हाती फक्त टोके असतात, म्हणजे आज जिवंत असलेले किंवा जुन्या हाडांतून मिळालेले नमुने. त्यांची जनुके शेजारी शेजारी मांडून कोणाचे कोणाशी किती साम्य आहे ते मोजायचे आणि त्यावरून फांद्या जोडत जायचे. पूर्वजाचे नाव त्यात कुठेच नसते. जे तयार होते ते नात्यांचे जाळे असते. त्याला अजून वर-खाली नसते, बाप-लेक नसते.

असे जाळे लहान असले तरी त्याला मूळ देण्याच्या जागा बऱ्याच असतात. टोके चार असतील तर पाच जागा. दहा असतील तर सतरा. शंभर असतील तर १९७. प्रत्येक काडीवर मूळ ठेवता येते आणि प्रत्येक वेळी कुळांची यादी बदलते. शास्त्रीय भाषेत कूळ म्हणजे एक पूर्वज आणि त्याची सगळी संतती, एकही वारस न वगळता. मूळच माहीत नसेल तर पूर्वज कोण ते सांगता येत नाही आणि मग कूळ हा शब्दही वापरता येत नाही. २००७ मध्ये मार्क विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच सुचवले, की बिनमुळाच्या झाडातील गटाला कूळ म्हणू नका, ‘क्लॅन’ म्हणा. क्लॅन म्हणजे आपल्या भाषेत कबिला. एक काडी तोडली की झाडाचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे कबिले ठरतात. त्यांपैकी कूळ कोणते, हे मूळ कोणत्या तुकड्यात पडले त्यावर ठरते. मूळ ज्या तुकड्याच्या आत जाते तो कूळ राहत नाही, समोरचा राहतो. नेमके त्या काडीवरच पडले तर दोन्ही कुळे ठरतात.

मूळ शोधायच्या रीती दोन-तीन आहेत. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे बाहेरचा एक नातेवाईक आणून बसवणे. तो या मंडळींपैकी नाही, पण फार परकाही नाही, हे आधीपासून माहीत असावे लागते. तो झाडाला जिथे जोडला जातो तिथे मूळ. दुसरी रीत आळशी आहे. सर्वांत लांबच्या दोन टोकांमधले अंतर मोजायचे आणि बरोबर मध्यावर खुंटी ठोकायची. सगळे सारख्या वेगाने बदलले असतील तर हे बरोबर येते. एखादी फांदी घाईने बदलली असेल तर खुंटी तिच्याकडे सरकते. तिसरी रीत नमुन्यांच्या तारखांवरून मागे जाते. बाहेरचा नातेवाईक निवडतानाही फसगत होते. तो फार दूरचा असला तर त्याची लांब फांदी झाडातील दुसऱ्या एखाद्या लांब फांदीकडे ओढली जाते, आणि नाते नसतानाही मूळ तिथे चिकटते.

सॉफ्टवेअर यातले काही मोठ्याने सांगत नाही. मेगा असो, फिगट्री असो की आयटॉल, पडद्यावर झाड दिसते ते डावीकडून उजवीकडे वाढणारे, नीटनेटके. मूळ ठरलेले नसले तरी चित्राला डावी कड असतेच, आणि बघणारा त्या कडेलाच आरंभ समजतो. ही झाडे ज्या पद्धतीने साठवली जातात तिचे नाव न्यूइक. कंसात कंस, त्यात कंस, असा तो मजकूर असतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील डोव्हर गावच्या न्यूइक्स नावाच्या खानावळीत जमलेल्या शास्त्रज्ञांनी ती ठरवली. खानावळ झिंग्यांच्या मोठ्या भावंडासाठी, लॉबस्टरसाठी, प्रसिद्ध होती. कंसांच्या या लिखाणात सर्वांत बाहेरचा कंस असावाच लागतो, त्यामुळे मूळ नसलेले झाडही मूळ असल्यासारखे लिहिले जाते. याचा एक परिणाम २०१७ मध्ये लुकास चेक, हाइमे वेर्ता-सेपास आणि अलेक्झांड्रोस स्टामाटाकिस यांनी दाखवून दिला. फांदी किती भरवशाची आहे हे सांगणारा आकडा खरे तर काडीचा असतो, पण न्यूइकमध्ये तो गाठीला लावलेला असतो. वापरणाऱ्याने मूळ हलवले की अनेक कार्यक्रमांत हे आकडे भलत्याच काड्यांवर जाऊन बसत. म्हणजे ज्या गटावर कुणाचाही विश्वास नाही त्याच्यावर शंभर नंबरी शिक्का, आणि खात्रीचा गट संशयित. चित्र मात्र पूर्वीइतकेच सुबक.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांद्र येर्सिन यांनी या रोगाचा जिवाणू शोधला होता. आज तो त्यांच्याच नावाने, येर्सिनिया पेस्टिस म्हणून ओळखला जातो. मुंबईतून माणसे पळाली आणि त्यांच्याबरोबर रोग ठाणे जिल्ह्यात, पुण्यात, पुढे साऱ्या देशात गेला. मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या. पुढच्या काही दशकांत भारतात सुमारे १ कोटी २० लाख माणसे प्लेगने मेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो.

रोग आला कुठून, यावर तेव्हाही वाद होता. हाँगकाँगच्या जहाजांवर सर्वाधिक संशय होता. कुमाऊँ-गढवालमध्ये स्थानिक लोक ज्याला महामारी म्हणत तो प्लेगसारखाच आजार एकोणिसाव्या शतकात नोंदला गेला होता, म्हणून तिकडून आलेल्या साधूंकडेही बोट दाखवले गेले. युरोपला मात्र मूळ शोधण्यात फारसा रस नव्हता. त्यांच्या दृष्टीने मूळ ठरलेले होते, ते म्हणजे मुंबई, आणि तिथून निघणारी हजची जहाजे. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी मुंबई आणि कराची बंदरांतून हजला जाण्यावर बंदी आली. व्यापारी माल घेऊन जहाजे जातच होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मग घराघरांत शिरून तपासण्या सुरू झाल्या, स्त्रियांना बाहेर काढणे, माणसांना छावण्यांत नेणे सुरू झाले. पुण्यात २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, ते आपण शाळेत शिकतो. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात काय झाले, ते शिकत नाही. तिथल्या जुलाहा-मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून संघर्ष पेटला आणि शहरभर दंगल पसरली. हे विणकर उत्तरेतून हातमाग घेऊन आलेले होते. त्यांना अडाणी ठरवून अहवाल लिहिले गेले. पण त्याच काळात तरुण आगा खान तिसरे यांनी लोकांसमोर हाफकिनची लस टोचून घेतली आणि हाफकिनच्या कामासाठी आपली वास्तू दिली, हेही त्याच मुंबईत घडले. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय मुस्लिमांनी प्लेगला कसे तोंड दिले हे समजत नाही.

१९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग सापडला तेव्हा वेढा पडला तो चिनी वस्तीला. जंतू तोच होता, आरोपी वेगळा.

तीन नावे, तीन साथी

१९५१ मध्ये रेने देविन्या या बेल्जियन संशोधकाने प्लेगच्या जिवाणूचे तीन गट पाडले. कसोट्या सोप्या होत्या. जिवाणू ग्लिसरॉल आंबवतो का आणि नायट्रेटचे रूपांतर करतो का? दोन्ही करणारा तो अँटिका. ग्लिसरॉल आंबवणारा, पण नायट्रेट न जमणारा तो मेडिएव्हालिस. नायट्रेट जमणारा, पण ग्लिसरॉल न आंबवणारा तो ओरिएंटालिस. नावांतच इतिहास भरलेला होता. अँटिका म्हणजे सन ५४१ पासूनची जस्टिनियनच्या काळातील साथ, मेडिएव्हालिस म्हणजे चौदाव्या शतकातील काळा मृत्यू आणि ओरिएंटालिस म्हणजे हाँगकाँग-मुंबईहून जगभर गेलेली तिसरी साथ. मांडणी इतकी देखणी होती की पन्नासेक वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकली.

शेवटचे नाव मला नेहमी खटकते. पहिल्या दोन साथींना काळाचे नाव मिळाले, तिसरीला दिशेचे. आणि ती दिशाही युरोपात उभे राहून पाहिलेली.

या मांडणीला पहिला धक्का बसला तो बाहेरचा नातेवाईक आणून बसवल्यावर. प्लेगच्या जिवाणूचा सख्खा भाऊबंद म्हणजे येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. नाव लांब आहे, म्हणून पुढे स्यूडो म्हणू. तो पोट बिघडवतो, सहसा जीव घेत नाही. २००४ मध्ये मार्क आख्तमान आणि सहकाऱ्यांनी स्यूडोच्या आधाराने मूळ ठरवून प्लेगचे झाड काढले. त्यात आफ्रिकेतला अँटिका ओरिएंटालिसजवळ गेला आणि आशियातला अँटिका मेडिएव्हालिसजवळ. अँटिका हा एक गट नव्हताच.

इथे एक बारीक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण मुळाचा प्रश्न आणि फांद्यांचा प्रश्न यांत नेहमी गल्लत होते. अँटिकाचे दोन भाग वेगवेगळ्या फांद्यांवर असतील तर मूळ कुठेही हलवा, ते एका कुळात येत नाहीत. एक काडी तोडून दोघांना एकत्र वेगळे काढता येत नाही, म्हणजे तो कबिलाही नाही. मूळ हलवून त्याला वाचवता येत नाही. मग मुळाने सांगितले काय? मुळाने सांगितले की अँटिका हा गट भासला का. ग्लिसरॉल आणि नायट्रेट दोन्ही जमणे ही प्लेगच्या जिवाणूची जुनी, पूर्वजाकडून आलेली अवस्था होती. ओरिएंटालिसने एक गोष्ट गमावली, मेडिएव्हालिसने दुसरी. ज्यांनी काहीच गमावले नाही ते सगळे अँटिका म्हणून एका पिशवीत गेले. मूळ चुकून ओरिएंटालिसच्या काडीवर ठेवले असते, तर ग्लिसरॉल न आंबवणे हीच जुनी अवस्था वाटली असती आणि आंबवणारे सगळे मिळून एक झकास कूळ झाले असते.

कोकणातले उदाहरण घ्या. गावच्या नावावरून ‘कर’ लावलेले आडनाव कुणी मुंबईत आल्यावर बदलले, कुणी ठेवले. ज्यांनी ठेवले ते सगळे एकमेकांचे जवळचे भाऊबंद आहेत, असे कुणी म्हटले तर आपण हसू. आडनाव टिकवणे हा नात्याचा पुरावा नाही. एकत्र येऊन बदलणे हा कदाचित असू शकतो.

खरा मुळावर अवलंबून असलेला वाद प्लेग आणि स्यूडो यांच्यातला होता. झाडाला मूळ नसताना प्लेगचे सगळे नमुने एका बाजूला, स्यूडोचे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये एक काडी. मूळ त्या काडीवर ठेवले तर दोन बहिणी, दोन स्वतंत्र जाती. पण एंटेरोकोलिटिका हा आणखी दूरचा नातेवाईक आणला की मूळ सरकते, आणि सरकून स्यूडोच्या आत जाते. मग प्लेग ही स्यूडोची बहीण राहत नाही, लेक ठरते. आणि स्यूडो हे कूळ राहत नाही, कारण लेकीला वगळून कूळ होत नाही. एकही टोक हललेले नसते, फक्त मूळ सरकलेले असते. आख्तमान यांच्याच गटाने १९९९ मध्ये या तिन्ही जातींची जनुके तपासून लिहिले, की प्लेग हा स्यूडोचा अगदी अलीकडे फुटलेला एक वाण आहे.

त्याआधी, १९८० मध्ये, डीएनएच्या साम्यावरून काही शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जिवाणूला स्यूडोची उपजात म्हणावे असे सुचवले होते. जिवाणूंच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आयोगाने १९८५ मध्ये ते नाव फेटाळले. कारण विज्ञानाचे नव्हते, सुरक्षिततेचे होते. प्रयोगशाळेत कुणी उपजातीचे नाव वाचून निष्काळजीपणा केला तर माणसे मरतील. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्याचा अर्थ असा, की आजही आपण ज्याला स्यूडो म्हणतो तो गट झाडात कूळ म्हणून सापडत नाही.

इस्सिक कुलच्या काठी

देविन्याची उरलेली मांडणी हाडांनी मोडली. २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील चौदाव्या शतकातील दातांतून प्लेगचा जनुकसंच वाचला गेला. तो मेडिएव्हालिसच्या फांदीवर बसला नाही, आज माणसांना होणाऱ्या बहुतेक प्लेगच्या फांद्या जिथून फुटतात त्या गाठीच्या अगदी जवळ बसला. २०१४ मध्ये बव्हेरियातील आशहाइमच्या थडग्यांतून जस्टिनियनच्या साथीचा जंतू वाचला गेला. ती वेगळीच फांदी निघाली, आज नामशेष झालेली. काळ्या मृत्यूचा ती बाप नव्हती. मग २०१५ मध्ये कांस्ययुगीन सांगाड्यांत, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा, त्याहूनही खालून फुटलेला प्लेग सापडला. तिसरी साथ आणि ओरिएंटालिस एवढी एकच जोडी टिकली. तिचे धागेही चीनकडे गेले, मुंबईत उगम पावले नाहीत.

आता राहिली ती गाठ. २०१३ मध्ये चीनमधील संशोधकांनी दाखवले, की काळ्या मृत्यूच्या सुमारास प्लेगच्या झाडाला एकाच जागी चार फांद्या फुटल्या. त्यांनीच हेही दाखवले, की साथीच्या काळात हा जिवाणू वेगाने बदलतो आणि शांततेत सावकाश. म्हणजे मध्यावर खुंटी ठोकायची आळशी रीत इथे हमखास फसवणार. २०२२ मध्ये मारिया स्पायरू, योहानेस क्राउझ, फिलिप स्लाविन आणि सहकाऱ्यांनी किरगिझस्तानात, इस्सिक कुल सरोवराजवळच्या कारा-जिगाच येथील जुन्या थडग्यांतील दात तपासले. तिथे नेस्तोरियन ख्रिश्चनांची वस्ती होती. थडग्यांवर सीरियाक भाषेत तारखा कोरलेल्या आहेत. तारीख असलेल्या ४६७ शिळांपैकी ११८ शिळा १३३८ आणि १३३९ या दोनच वर्षांच्या. काहींवर मरणाचे कारणही आहे, मौताना. आपल्या मौत शब्दाच्या घरचाच हा शब्द, अर्थ साथ. त्या दातांतला जंतू बरोबर त्या गाठीवर बसला.

आपल्या तवारीखनवीसांनी या साथीचा माग तेव्हाच काढायचा प्रयत्न केला होता. हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, इब्न अल-वर्दी याने वबावर लिहिलेल्या रिसालात म्हटले आहे, की ती अंधाराच्या मुलखातून निघाली आणि तिथे पंधरा वर्षे होती. मग त्याने पूर्वेकडच्या मुलखांची यादी दिली आहे. तो लिहीत होता १३४८ च्या सुमारास, आणि १३४९ मध्ये स्वतः प्लेगने गेला. पंधरा वर्षे मागे मोजली तर १३३०च्या दशकात पोहोचतो. त्याच्याकडे ना जनुके होती ना संगणक, व्यापाऱ्यांच्या बातम्या होत्या. यावरून त्याने सगळे आधीच ओळखले होते, असे मी म्हणणार नाही. समाजमाध्यमांवर असे दावे रोज होतात आणि त्यांनी आपलेच हसे होते. पण मूळ शोधताना त्याने कुठल्या जमातीला आरोपी केले नाही, प्रवासाचा रस्ता लिहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इब्न खल्दूनचे आईवडील त्याच साथीत ट्युनिसला गेले. तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. पुढे मुकद्दिमामध्ये नसब, म्हणजे वंशाच्या शजऱ्यांविषयी तो बराच कोरडा आहे. वंश ही पुष्कळशी मानण्याची गोष्ट आहे, तिचा उपयोग माणसे एकमेकांशी बांधण्यात आहे, अशा अर्थाचे तो लिहितो. शजरे किती पिढ्यांनंतर खोटे होऊ लागतात, हे त्याने दरबारांत जवळून पाहिले होते.

निजामुद्दीनची खुंटी

कोरोनाच्या वेळी हा खेळ आपल्या डोळ्यांसमोर झाला. २०२० मध्ये विषाणूच्या वंशांना नावे देताना शास्त्रज्ञांनी दोन मुख्य वंश केले, ए आणि बी. दोघांत फरक जेमतेम दोन अक्षरांचा. वटवाघळांतील जवळचे विषाणू बाहेरचे नातेवाईक म्हणून बसवले तर ती दोन अक्षरे ए शी जुळतात, म्हणजे ए जुना. पण वुहानच्या बाजारातील सर्वांत आधीचे नमुने बी चे. तारखांवरून मूळ शोधले तर कल बी कडे जातो. मूळ ए मध्ये असेल तर बी हे कूळ आणि ए म्हणजे मागे राहिलेल्यांची पिशवी. मूळ बी मध्ये असेल तर उलट. २०२२ मध्ये तिसरे उत्तर आले. कदाचित प्राण्यांतून माणसांत दोनदा उडी झाली असेल, आणि मग माणसांच्या झाडात मूळ शोधणेच व्यर्थ. जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळा एवढ्या एका काडीवर थबकल्या होत्या.

त्याच वसंतात आपल्याकडे मात्र मूळ सापडले होते. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि वृत्तवाहिन्यांनी खुंटी ठोकून टाकली. आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या निवेदनात तबलीगशी जोडलेल्या रुग्णांचा वेगळा आकडा येऊ लागला. १८ एप्रिलला सांगितले गेले, की १४,३७८ पैकी ४,२९१ रुग्ण या एका घटनेशी जोडलेले आहेत. ज्यांना हुडकून हुडकून तपासले, त्यांच्यात रुग्ण जास्त सापडले. बाकीच्या गर्द्यांमागे कुणी यादी घेऊन फिरले नाही. हा आकडा झाड नव्हता. एका गाठीवर बोट ठेवून तिच्याशी जोडलेली टोके मोजण्याचा तो हिशेब होता, आणि कोणत्याही गाठीवर बोट ठेवले तरी असा हिशेब निघतो. विषाणू भारतात अनेक देशांतून, अनेक वेळा आला होता, हे नंतर जनुकांच्या अभ्यासांतून दिसले. तोवर फळवाल्यांना गल्ल्यांत यायला मज्जाव झालेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे नोंदवले. १८९७ चा साथरोग कायदा त्या वर्षीही देशभर लागू केलेला होता.

पुढच्या वर्षी महाराष्ट्रात वेगाने पसरलेल्या बी.१.६१७ या वंशाला जग ‘भारतीय विषाणू’ म्हणू लागले, तेव्हा आपल्या सरकारने हरकत घेतली. ती रास्तच होती. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या मुख्य उपवंशाला डेल्टा हे नाव दिले, ते कुठल्याही देशावर ठपका येऊ नये म्हणून.

प्लेगच्या झाडात मात्र जुनी नावे गेलेली नाहीत. आजचे शोधनिबंध उघडले तर फांद्यांवर ०.एएनटी, १.एएनटी, २.एएनटी, ३.एएनटी, ४.एएनटी अशी लेबले दिसतात. एएनटी म्हणजे अँटिका. आधीचा अंक फांदीचा. गट मोडून वीस वर्षे झाली, त्याचे तुकडे पाच फांद्यांवर पसरले, आणि प्रत्येक तुकड्याच्या गळ्यात अजून तीच पाटी आहे. तिसऱ्या साथीच्या फांदीवर लिहिलेले असते १.ओआरआय. मुंबईचा प्लेग त्यातच येतो.